शिलोहाच्या तळ्यापर्यंत तो आंधळाच गेला

पिंपळपार | रविवार, रात्री ९:१०

आज शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, सात वर्षांच्या एका मुलीने मला गप्प केलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय सांगत होतो. जन्मापासून आंधळा असलेला माणूस, येशू जमिनीवर थुंकून चिखल करतो, तो त्याच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, जा, शिलोहाच्या तळ्यात धू. तो गेला, त्याने धुतलं आणि डोळस होऊन आला. मी पुढच्या वादावादीकडे वळणार तेवढ्यात हिने हात वर केला. "सर, पण त्याला तळ्यावर नेलं कोणी?"

वीसेक वर्षं हा उतारा शिकवतोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो आणि घरी येऊन अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला.

शिलोहाचं तळं यरुशलेमेच्या दक्षिण टोकाला, दाविदनगराच्या पायथ्याशी आहे. २००४ साली तिथे सांडपाण्याच्या नळाचं काम चालू असताना रुंद दगडी पायऱ्या उघड्या पडल्या आणि येशूच्या काळातलं तळं सापडलं. पाणी गीहोन झऱ्याचं, खडक फोडून काढलेल्या ५३३ मीटर लांबीच्या बोगद्यातून येणारं. मंदिर वर, टेकडीवर. ८ वा अध्याय येशू मंदिरातून बाहेर पडतो तिथे संपतो, म्हणजे हा भिकारी मंदिराच्या आसपासच बसत असावा. तिथून तळं अर्ध्या किलोमीटरहून लांब, आणि सगळी उतरण.

म्हणजे निघाला तेव्हा तो आंधळा होता आणि पाण्याशी पोचला तेव्हाही आंधळाच होता. चिखल लागल्याबरोबर काहीच झालं नाही. उलट आधी नुसता अंधार होता, आता वर ओली माती. येशू सोबत गेला नाही. "तुला दिसेल" असं वचनही दिलेलं नाही, वाचून बघा. फक्त जा आणि धू. एवढ्यावर तो उठला. विश्वास आधी आणि दिसणं नंतर, हे मी इतकी वर्षं तोंडाने सांगत आलो, पण अध्यायात ते अंतर चक्क पायाखाली आहे हे आज कळलं.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त हलवून गेली. तो परत आला तेव्हा येशू तिथे नव्हता. ८ व्या वचनापासून ३४ व्या वचनापर्यंत येशू कथेत नाहीच. ज्याने डोळे दिले त्याचा चेहरा या माणसाने पाहिलेला नाही, आणि त्याच्याबद्दल उलटतपासणी मात्र याची चालली आहे. आधी शेजारी, मग परूशी (यहुद्यांमधले काटेकोर धर्मजाणकार), मग आईबाप, मग पुन्हा परूशी.

त्याची उत्तरं एकाखाली एक मांडली. तो कुठे आहे? "मला ठाऊक नाही." तो पापी आहे ना? "ते मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं." शेवटी येशू विचारतो, मनुष्याच्या पुत्रावर तुझा विश्वास आहे का? तर म्हणतो, महाराज, तो कोण आहे? म्हणजे तेही ठाऊक नाही. आणि अशा या माणसाची ओळख वाढत कशी गेली बघा. ११ व्या वचनात "येशू नावाचा माणूस". १७ व्या वचनात "तो संदेष्टा आहे". ३३ व्या वचनात "तो देवापासून नसता तर त्याला काहीच करता आलं नसतं". ३८ व्या वचनात "प्रभू, मी विश्वास ठेवतो", आणि तो पाया पडतो.

समोरच्यांच्या तोंडी शब्द कोणता? "आम्हांला ठाऊक आहे." हा माणूस पापी आहे हे आम्हांला ठाऊक आहे. मोशेशी देव बोलला हे आम्हांला ठाऊक आहे. आणि शेवटी, तू तर जन्मापासून पापात बुडालेला, तू आम्हांला शिकवतोस? मग त्याला बाहेर घालवतात. हे सगळे शिकलेले, शास्त्र पाठ असलेले, देवाची भीती बाळगणारे लोक होते. म्हणूनच मला भीती वाटते. मीही शास्त्र शिकवणारा आहे.

येशूचं शेवटचं वाक्य जड आहे. तुम्ही आंधळे असता तर तुम्हांला पाप नसतं. पण "आम्हांला दिसतं" असं म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं. या अध्यायात न दिसणं हा दोष नाहीच, असं मला वाटायला लागलंय. दिसत नसताना दिसतं म्हणणं, तिथे दार बंद होतं.

तुम्ही हा अध्याय कसा वाचता? आणि त्या मुलीला मी काय सांगू?

---

वसईची वाट | रविवार, रात्री १०:०२

पिंपळपारदादा, आम्हा कॅथलिकांकडे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी हेच शुभवर्तमान वाचतात, तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी. अख्खा अध्याय वाचतात, मिस्साला सगळे बराच वेळ उभे असतात. लहानपणी पाय दुखायचे, म्हणून हा उतारा माझ्या चांगला लक्षात आहे.

हा रविवार निवडण्याचं कारण जुनं आहे. पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा, त्यांच्या तयारीत हा अध्याय असे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर हुतात्मा जस्टिनने लिहून ठेवलंय की या स्नानाला आम्ही 'प्रकाशन' म्हणतो, कारण हे शिकणाऱ्यांची बुद्धी उजळते. म्हणजे पाण्यात जाणं आणि दिसू लागणं ही दोन्ही त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांना एकच गोष्ट वाटत होती. शिलोह या नावाचा अर्थ 'पाठवलेला' असा योहान मुद्दाम सांगतो, आणि सगळ्या शुभवर्तमानात पित्याने पाठवलेला कोण, हे आपल्याला माहीत आहे.

चिखलाबद्दलही एक सांगते. लियॉनचे बिशप इरेनेयस यांनी दुसऱ्या शतकाच्या शेवटी म्हटलं होतं की देवाने आदामाला मातीतून घडवलं, तोच हात इथे पुन्हा माती घेतो आणि गर्भात जे घडायचं राहिलं ते उघड्यावर पूर्ण करतो. हे ऐकल्यापासून मला थुंकी आणि मातीची किळस वाटत नाही. आणि हे घडलं शब्बाथाला, यहुद्यांच्या विश्रांतीच्या सातव्या दिवशी; चिखल मळणं हीच तर परूशांची तक्रार होती! मळणं हे शब्बाथाला निषिद्ध असलेल्या ३९ कामांपैकी एक. देवाने सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि इथे त्या दिवशी एक माणूस घडवायचा बाकी होता.

---

चौकस | रविवार, रात्री १०:४१

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय मनापासून. दोन गोष्टी विचारतो, राग मानू नये.

पहिली. आपल्याकडे अंध माणसाला प्रज्ञाचक्षू म्हणायची रीत आहे. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हे असतानाच अंध झाले, आणि त्यांनी केवढं लिहून ठेवलं. गीतेतही अर्जुनाचे डोळे धड असूनही विश्वरूप पाहायला त्याला दिव्य चक्षू द्यावे लागतात. म्हणजे बाहेरची दृष्टी आणि आतली दृष्टी हा भेद आमच्याकडेही आहे. मग ख्रिस्ती शिकवणीत वेगळं काय?

दुसरी जरा बोचरी आहे. "तुम्ही आंधळे, आम्हांला दिसलं" हे ऐकायला मला आवडत नाही. माझ्या वाट्याला असे प्रचारक आले आहेत. दारात उभं राहून माझ्या आईला त्यांनी अंधारात आहात असं सांगितलं. ती माउली रोज पहाटे उठून तुळशीपुढे दिवा लावायची.

---

पिंपळपार | रविवार, रात्री ११:१५

चौकसजी, आधी दुसरं. तुमच्या आईंना जे ऐकावं लागलं त्याबद्दल मला वाईट वाटतं. त्या अध्यायात येशू आंधळ्याला एकदाही "तू अंधारात आहेस" म्हणत नाही. त्या माणसाने काही मागितलेलंही नव्हतं. येशू हे शब्द ज्यांना म्हणतो ते त्याच्याच धर्माचे, त्याच्याच शास्त्राचे जाणकार होते. म्हणजे हा आरसा आधी घरातल्यांसाठी आहे. दारोदार नेऊन दुसऱ्यांच्या तोंडापुढे धरायला तो दिलेला नाही.

पहिल्याबद्दल माझी समज सांगतो. प्रज्ञाचक्षू शब्द सुंदर आहे. ज्ञानाने अज्ञान जातं, हे आपल्या मातीत मुरलेलं आहे. ख्रिस्ती शिकवणीत आंधळेपणाचं मूळ बरेचदा अज्ञानात नसून इच्छेत सांगितलेलं आहे. योहान ३:१९ म्हणतं, प्रकाश जगात आला, पण माणसांना अंधार जास्त आवडला. आवडला! न दिसण्याचं कारण डोळ्यांत नाही, आवडीनिवडीत आहे. म्हणून उपाय शिकण्याने संपत नाही. कोणीतरी येऊन स्पर्श करावा लागतो. पौल (तेव्हाचा शौल) दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर होता तेव्हा शास्त्रात कमी नव्हता. प्रकाश पडला आणि त्याला दिसेनासं झालं. तीन दिवस. ज्याला हाताला धरून गावात नेलं, तो निघाला होता येशूच्या शिष्यांना बांधून आणायला. मग तिथला एक शिष्य हनन्या आला, आणि पहिला शब्द काय बोलला? "शौल, माझ्या भावा." ज्याच्या भीतीने हनन्याचा जीव उडाला होता, त्याला.

---

जुनी वही | सोमवार, सकाळी ७:२०

चौकस यांच्या दुसऱ्या मुद्द्याला इतिहासात मोठा पुरावा आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांनी डोळे उघडे ठेवून पाहायला हवा. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलवर १२३० च्या सुमारास दोन पुतळे उभे केले गेले. एक स्त्री मुकुट घातलेली, ताठ; ती म्हणजे ख्रिस्तमंडळी. दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी, हातात मोडलेला भाला. ती म्हणजे यहुद्यांचं सभास्थान. शतकानुशतकं लोक त्या दारातून आत गेले. पट्टी कोणाच्या डोळ्यांवर आहे हे दगडात कोरून ठरवून टाकलं, आणि त्या यहुद्यांचं युरोपात पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. "आम्हांला दिसतं" हे वाक्य ४१ व्या वचनात परूशांच्या तोंडी आहे, तेच इथे मंडळीने स्वतःच्या तोंडी घातलं.

आणि १६ वं वचन कृपया वगळू नका. परूशांमध्येही फूट पडली होती. काही जण म्हणत होते, पापी माणूस अशी चिन्हं कशी करील? तेवढा क्षणभर दार किलकिलं होतं. या अध्यायात सगळेच परूशी एका माळेचे मणी नाहीत.

---

ब्रेलबिंदू | सोमवार, सकाळी ११:०५

इथे बरेच दिवस नुसती वाचते, म्हणजे ऐकते. फोन मला धागे वाचून दाखवतो. मला जन्मापासून दिसत नाही. ख्रिस्ती घरातली आहे.

वरची चर्चा चांगली आहे, पण एक सांगायलाच हवं. लहानपणापासून देवळात "पापाने आंधळे", "आंधळ्या मना" हे ऐकत मोठी झाले. प्रत्येक वेळी शेजारची बाई माझा हात दाबायची, का ते मला कळायचं. प्रार्थनासभांत परक्या लोकांनी न विचारता माझ्या डोळ्यांवर हात ठेवलेत. बरी झाले नाही की विश्वास कमी पडला असं कुजबुजताना ऐकलंय. माझे कान शाबूत आहेत हे लोक विसरतात.

म्हणून या अध्यायात मला सगळ्यांत जवळचं ३ रं वचन आहे. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तेही त्याच्या समोर, तो ऐकत असताना! आपल्याकडे पूर्वजन्म म्हणतात, नाहीतर आईने ग्रहण पाहिलं म्हणतात. येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. मी हे वचन माझ्या आईला म्हणून दाखवलं तेव्हा ती रडली. तिला कोणीतरी हे तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

पण त्याच वचनाचा पुढचा भाग, "देवाची कार्यं याच्यात दिसावीत म्हणून", हा मला कायम खुपत आला. म्हणजे देवाने दाखवायला एक माणूस आंधळा जन्माला घातला?

---

वसईची वाट | सोमवार, दुपारी १:३०

ब्रेलबिंदूताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. त्या "म्हणून" बद्दल आमच्या फादरांनी एकदा सांगितलं होतं ते देते. मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. पूर्णविराम कुठे द्यायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं. काही अभ्यासक असं वाचतात: "यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. पण देवाची कार्यं याच्यात प्रकट व्हावीत म्हणून, दिवस आहे तोवर आपण काम केलं पाहिजे." मग "म्हणून" त्याच्या जन्माला चिकटत नाही, येशूच्या कामाला चिकटतं. कारण कोण, हा शिष्यांचा प्रश्न येशू तिथेच टाकून देतो आणि बाही मागे सारतो. सगळे भाषांतरकार हे मानत नाहीत, पण मला ते येशूच्या स्वभावाला धरून वाटतं.

---

पिंपळपार | सोमवार, रात्री ९:४०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी स्वतः शब्बाथशाळेत "पापाने आंधळे" किती वेळा म्हणालो असेन ते मोजता येणार नाही. तुमच्यासारखं कोणी त्या वर्गात बसलं असेल हे मनात आलं नाही. लेवीय १९:१४ मध्ये आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको अशी आज्ञा आहे. मी शब्दांचा अडथळा ठेवत होतो.

मग हा दृष्टान्त सोडून द्यायचा का, हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. बायबलात यशयापासून प्रकटीकरणापर्यंत सगळीकडे तो आहे. प्रकटीकरणात लावदिकीया शहरातल्या मंडळीला म्हटलंय, तू म्हणतोस मी श्रीमंत आहे, आणि तुला ठाऊक नाही की तू आंधळा आहेस. डोळ्यांत घालायला माझ्याकडून अंजन विकत घे.

---

ब्रेलबिंदू | सोमवार, रात्री १०:२२

सोडू नका. मी सोडलेला नाही. फक्त कोणाला आंधळं म्हटलंय ते नीट वाचा. लावदिकीयाचे लोक धडधाकट, पैसेवाले. ९ व्या अध्यायातले परूशीही डोळस. बायबलात ज्यांना रागाने आंधळं म्हटलंय ते बहुतेक दिसणारे लोक आहेत, आणि जे खरोखर आंधळे आहेत ते येशूला आधी ओळखतात. यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय बघा. गर्दीला फक्त नासरेथकर येशू दिसतो, हा ओरडतो, "दाविदाच्या पुत्रा!" लोक त्याला गप्प बस म्हणतात. तो अजून मोठ्याने ओरडतो. ती जागा ऐकताना मला दर वेळी आनंद होतो.

इंग्लंडमध्ये जॉन हल (१९३५–२०१५) म्हणून धर्मशिक्षणाचे प्राध्यापक होते, ऐन उमेदीत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. बायबल हे दिसणाऱ्यांनी लिहिलेलं पुस्तक आहे हे त्यांनी आंधळ्याच्या बाजूने स्पष्ट मांडलं, आणि तरीही विश्वास सोडला नाही. भांडायला जागा आहे, हे त्यांच्यामुळे कळलं.

आणि पिंपळपारदादा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक राहिलं. तुम्ही म्हणालात त्याने येशूचा चेहरा पाहिला नव्हता. खरं. पण आवाज ऐकला होता. "जा, धू" हा आवाज. ३५ व्या वचनात येशू त्याला शोधत येतो आणि बोलतो तेव्हा समोरचा चेहरा त्याला अनोळखी, आवाज मात्र ओळखीचा. येशू म्हणतो, तू त्याला पाहिलं आहेस, "आणि तुझ्याशी बोलतो आहे तोच तो". माझ्या मते तो या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर पाया पडला. लगेच १० व्या अध्यायात येतं की मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात. अध्यायांचे आकडे नंतर घातलेत, गोष्ट एकच चालू आहे.

---

पिंपळपार | सोमवार, रात्री १०:५०

हे मला कोणत्याही टीकाग्रंथात मिळालं नव्हतं. विश्वास ऐकण्याने होतो, असं पौल रोमकरांस पत्रात म्हणतो, ते आता वेगळंच ऐकू येतंय.

---

नेत्रसेवक | मंगळवार, सकाळी ८:१५

डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. चर्चेत वेगळी भर घालतो.

जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया उशिरा झाली तर पट्टी काढल्यावर त्याला "दिसतं", पण काय दिसतंय ते कळत नाही. रंग आणि हालचाल असते, वस्तू नसतात. १७२८ साली लंडनचे शल्यविशारद चेसेल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या अशा एका मुलाची हकिगत छापली होती. त्याला मांजर आणि कुत्रा नजरेने वेगळे सांगता येईनात. शेवटी त्याने मांजर उचललं, हाताने नीट चाचपलं, तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, आता पुढच्या वेळी मी तुला ओळखीन. आपल्याकडे पवन सिन्हा यांच्या प्रकल्प प्रकाशमध्ये उत्तर भारतातल्या मुलांवर उपचार झाले, आणि २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की हाताने ओळखलेली वस्तू नव्याने दृष्टी आलेल्या मुलांना लगेच डोळ्यांनी ओळखता येत नाही. काही दिवसांत जमायला लागतं.

म्हणून मला मार्क ८ मधला बेथसैदाचा आंधळा फार खरा वाटतो. येशू विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. आणि येशू पुन्हा एकदा हात ठेवतो. शुभवर्तमानांत दोन टप्प्यांत झालेलं हे एकच बरं होणं. पहिल्या स्पर्शाने अर्धवट दिसलं हे सांगायला त्या माणसाला लाज वाटली नाही. रुग्ण बरेचदा आम्हांला बरं वाटावं म्हणून "छान दिसतंय" म्हणतात. त्याने खरं सांगितलं म्हणून दुसरा स्पर्श मिळाला, असं मी धरून चालतो.

---

जुनी वही | मंगळवार, दुपारी ३:०५

नेत्रसेवक, तुमच्या पोस्टने माझं काम सोपं केलं. बेथसैदाची गोष्ट मार्कने कुठे ठेवलीय बघा. आधी येशू शिष्यांना म्हणतो, डोळे असून दिसत नाही का? मग हा दोन टप्प्यांचा चमत्कार. मग पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि चार वचनांवर येशू त्याच पेत्राला "सैताना, मागे हो" म्हणतो. पेत्राला ख्रिस्त दिसला, पण झाडासारखा. वधस्तंभ दिसला नाही.

दोन माणसं मला इथे आठवतात. एक जॉन न्यूटन, "आंधळा होतो, आता दिसतं" हे योहान ९ मधलं २५ वं वचन ज्याने 'अमेझिंग ग्रेस' या इंग्रजी गीतात घातलं. गीत पहिल्यांदा १७७३ च्या पहिल्या दिवशी ओल्नी गावच्या मंडळीत आलं. त्याचं मन वळलं ते मार्च १७४८ च्या वादळात, जहाज बुडायला आलं तेव्हा. आणि त्यानंतर? १७५० ते १७५४ तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. डेकखाली साखळदंडात माणसं, आणि वर हा प्रार्थना करतोय. त्या व्यापाराविरुद्ध त्याचं छापील निवेदन आलं १७८८ मध्ये. वादळापासून ४० वर्षं! कबुली फार उशिरा आली हे त्याने त्यातच लिहिलं. मी हे त्याला खाली ओढायला सांगत नाही. देवाने त्याच्यावर दुसऱ्यांदा हात ठेवला, हे सांगतोय.

दुसऱ्या आपल्या पंडिता रमाबाई. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी निर्भीडपणे लिहिलं की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळला. संस्कृतच्या पंडिता, सबंध हिंदुस्थानात नाव झालेली बाई, आणि लिहिते की मला अर्धंच दिसत होतं. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियाही आल्या, रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांना ब्रेल शिकवायची. आणि रमाबाई शेवटपर्यंत साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करत राहिल्या. ते छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

---

चौकस | मंगळवार, रात्री ८:३०

"मला अर्धंच दिसत होतं" असं म्हणणारा माणूस दारात आला असता तर आईने त्याला चहा देऊन बसवून घेतलं असतं. धर्म माझा बदलणार नाही, पण हा अध्याय मी आज पूर्ण वाचला. आईबापांच्या जागी थांबलो. त्यांनाही विचारतात, आणि ते म्हणतात, "त्याला कसं दिसतं हे आम्हांला ठाऊक नाही, त्यालाच विचारा." तुम्ही "मला ठाऊक नाही" ची थोरवी सांगितलीत, पण हे "ठाऊक नाही" वेगळं आहे. हे भीतीतून आलेलं आहे.

---

पिंपळपार | मंगळवार, रात्री ९:०५

अगदी बरोबर पकडलंत. सभास्थानातून बाहेर घालतील ही भीती होती, २२ व्या वचनात तसं स्पष्ट आहे. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त योहानात येतो, तीनदा. आपल्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरात १८९५ च्या त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर काय झालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं काय सोसलं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्या आईबापांना मी दोष देत नाही. ज्या मुलाला आयुष्यभर हात धरून वागवलं, त्याने पहिल्यांदा आपला चेहरा पाहिला त्याच दिवशी त्यांना त्याच्यापासून लांब उभं राहावं लागलं.

आणि बाहेर घातल्यावर येशूने ते ऐकलं आणि त्याला शोधून काढलं. शोधून काढलं, हे क्रियापद मला पुरतं.

अजून त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालेलं नाही.

---

ब्रेलबिंदू | बुधवार, सकाळी ६:५०

मला विचाराल तर कोणीही नेलं नसेल. त्याचं सगळं आयुष्य त्या शहरात गेलं. कुठल्या वळणावर भिंत संपते, कुठे वारा लागतो, कुठे दगड गुळगुळीत आहेत, उतार कुठे तीव्र होतो, पाण्याचा आवाज आणि गारवा कुठून सुरू होतो, हे त्याच्या पायांना पाठ असणार. मी रोज बसथांब्यापर्यंत अशीच जाते. तळ्याला पायऱ्या होत्या म्हणालात ना, तर त्या त्याने मोजलेल्याही असतील. येशूने त्याला तो चालू शकेल अशाच ठिकाणी पाठवलं.

अवघड झालं असेल ते परत येताना. नेत्रसेवकांनी लिहिलंय ते खरं असेल तर, डोळे उघडल्यावर त्या पायऱ्या त्याला पायऱ्या वाटल्याच नसतील. नुसत्या उजेडाच्या आणि सावलीच्या पट्ट्या. येताना त्याला कोणाचा तरी हात लागला असेल.

---

पिंपळपार | रविवार, दुपारी १२:४५

आज सांगितलं तिला, ब्रेलबिंदूताईंच्या शब्दांत. दोन्ही, जातानाचं आणि येतानाचं. थोडा वेळ विचार केला तिने. मग म्हणाली, "मग वर चढताना त्याने डोळे मिटून घेतले असतील का, सर?"